गाव रिकामं होतंय. महिना-महिना राहणारे पाहुणे आणायचे तर सुरुवात कुठून करायची? (दक्षिण सोलापूर. मंचावरची चर्चा, प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

भीमाकाठ

आमचं दक्षिण सोलापूर तालुक्यातलं भीमेकाठचं गाव आहे. सोलापूर शहर तासाभरावर, हत्तरसंग कुडल जवळच. जिल्ह्याची लोकसंख्या कागदावर वाढलीय. २००१ ला ३८ लाख ४९ हजार होती, २०११ ला ४३ लाख १७ हजार झाली. म्हणून काही गाव भरलेलं नाही. तरणी पोरं पुण्याला गेली, मागं आई-वडील राहिले, आणि तेही थकले की घराला कुलूप. अशी चाळीसेक घरं आहेत. शाळेचा पट उतरलाय, दोन किराणा दुकानांपैकी एक बंद झालंय.

ग्रामसभेत विषय निघालाय की एक-दोन दिवसांचे पर्यटक सोडून एक ते तीन महिने राहणारे लोक आणावेत. जुनी माळवदी (मातीच्या सपाट छपराची) घरं त्यासाठी वापरता येतील का? येणार कोण? पैसा खरंच गावात राहतो का? आणि हे फसतं कुठं? जाहिरात कशी करायची ते नंतर बघू. आधी कामाचा क्रम कळला पाहिजे.

हिशेबवही

ग्रामसभेचा विचार बरोबर आहे. महिना विका, रात्र विकू नका. सोलापूरला येणाऱ्यांचा तोटा कधीच नव्हता. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर ही फेरी लाखो लोक करतात. पण दर्शन झालं की गाडी पुढं निघते, आणि त्यांचा खर्च हमरस्त्यावरच्या हॉटेलात आणि पंपावर होतो. त्या गर्दीतला एक माणूस एक रात्र तुमच्याकडं झोपला तर तुमच्या वाट्याला चादरी धुण्याचं कामच जास्त येतं.

लांब मुक्काम आपल्याला नवा नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासाला पंढरपुरात मठांत राहणारे वारकरी आजही आहेत. कीर्तन, प्रवचन, रोजचं दर्शन, साधं जेवण, आणि चार महिने तीच खोली. त्यातली एक खूण लक्षात ठेवा: या लोकांना रोज नवं काही बघायचं नसतं, त्यांचा दिवस ठरलेला असतो. महिनाभर राहणारा पाहुणा असाच असतो. त्याचं स्वतःचं काही काम असतं आणि ते करायला त्याला जागा हवी असते.

आता पैशाचं. जपानमध्ये गावं वेगानं रिकामी होताहेत, म्हणून तिथल्या पर्यटन खात्यानं एक सोपी तुलना मांडली. एक रहिवासी कमी झाला की त्याचा वर्षाचा खर्च गावातून जातो. तो भरून काढायला, २०१९ च्या आकड्यांप्रमाणे, साधारण ८ परदेशी पर्यटक लागत होते, किंवा मुक्कामी राहणारे देशातले २३, किंवा सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे ७५. मुक्काम लांबला की आकडा किती खाली येतो ते यात दिसतं.

तीच पद्धत तुमच्या गावाला लावू. पुढचे आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. एक कुटुंब गावात महिन्याला ८,००० रुपयांची खरेदी करत होतं असं धरा. ते गेलं की वर्षाला ९६,००० गेले. पाहुण्याकडून खोलीचं भाडं ९,०००, दोन वेळच्या डब्याचे ४,२०० (७० रुपये ताट, ६० ताटं), दूध, भाजी, रिक्षा, धुणं यांचे अडीच हजार, म्हणजे १५,७०० आले. त्यातून गॅस, तेल, साबण, इंटरनेट, बुकिंग अ‍ॅपचं कमिशन बाहेर जातं. गावात ११,००० राहिले असं धरलं तर एका कुटुंबाची जागा भरायला जवळजवळ नऊ खोली-महिने लागतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत साडेचार महिन्यांचा हंगाम धरा. म्हणजे दोन खोल्या हंगामभर भरल्या तर एक कुटुंब, आणि आठ खोल्या भरल्या तर चार. चाळीस कुलपं यानं उघडणार नाहीत, हे ग्रामसभेत आधीच सांगा. चार-पाच घरांतल्या सुना-मुलांना गावात राहून कमाई झाली आणि बंद दुकान पुन्हा उघडलं, एवढी अपेक्षा धरून सुरू करा.

एप्रिल-मे मध्ये पाहुणे घेऊच नका. पारा ४२-४४ ला जातो, आणि एक कूलर दिवसाला ४०-५० लिटर पाणी पितो. ते दोन महिने घरांच्या दुरुस्तीचे.

पहिला महिना विकायचा असेल तर २० डिसेंबर ते २० जानेवारी धरा. हुरडा त्याच दिवसांत असतो. वेळ अमावस्या डिसेंबरात किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येते. त्या दिवशी शेतात भज्जी, उंडे, आंबील होते आणि अनोळखी माणसालाही बोलावून बसवतात. मग संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा. कुडलला भीमा-सीनेचा संगम, शके ९४० चा म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आणि ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. पलीकडं मंगळवेढ्याच्या वाटेवर माचणूरचा किल्ला आणि सिद्धेश्वराचं देऊळ. एका महिन्याला एवढं भरपूर झालं. यातलं एकही तुम्ही पाहुण्यांसाठी मुद्दाम घडवून आणलेलं नाही, म्हणून ते टिकेल.

माळवद

घरांबद्दल लिहितो, कारण पैसा सगळ्यात जास्त इथंच वाया जातो.

माळवदी घर उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहतं ते वरच्या मातीच्या थरामुळं आणि दगडी भिंतींच्या जाडीमुळं. "गळतंय" म्हणून लोक माळवदावर सिमेंटचा थर टाकतात. चार इंची काँक्रीट म्हणजे दर चौरस फुटाला २२-२३ किलो जादा वजन, आणि ते जुन्या तुळयांवर. शिवाय खालच्या मातीत अडकलेली ओल वर निघू शकत नाही. ती कडीपाटात, म्हणजे छपराच्या लाकडी कड्या-फळ्यांत, उतरते, आणि लाकूड वरून धडधाकट दिसत असताना आतून कुजतं.

घर निवडताना आधी तुळयांची टोकं बघा, भिंतीत शिरतात तिथं. वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते. स्क्रूड्रायव्हर टोचा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज आत गेला तर ती तुळई बदलावी लागेल. ठोकल्यावर भद्द आवाज आला तरी तेच. एका खणात दोनपेक्षा जास्त तुळया बदलायच्या असतील तर ते घर पहिल्या वर्षी सोडा आणि शेजारचं बघा.

माळवदाचं काम मे महिन्यात. वरचं गवत मुळासकट काढायचं, नुसतं कापलं तर मूळ कुजून तिथंच भोक पडतं. दोन-तीन बोटं थर मोकळा करायचा, पांढरी माती पसरायची, पाणी शिंपडून चोपण्यानं बडवायची, सुकली की पुन्हा एक हात. उतार पन्हाळीकडं (छपरावरचं पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीकडं), सोळा फुटांना चार-पाच इंच. पन्हाळ भिंतीपासून किमान दीड फूट बाहेर निघालेली हवी, नाहीतर पाणी भिंतीवरून ओघळतं आणि पायथ्याशी मुरतं. पहिल्या मोठ्या पावसात कुणीतरी वर चढून पन्हाळ मोकळी आहे ना ते बघायचं. माळवद गळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पन्हाळीत अडकलेला पाला.

भिंतींना आतून चुन्याचा गिलावा करा. सिमेंटचा गिलावा दगड-मातीच्या भिंतीवर दोन पावसाळ्यांत फुगून सुटतो. सांधे चुन्यानं भरून घ्या, त्यानं विंचवाची वस्तीही कमी होते. संडास-न्हाणी जुन्या घराच्या आत घेऊ नका. परसात वेगळी, विटांची बांधा आणि तिथवर छप्पर घातलेली वाट काढा. रोजचं पाणी आणि जुनं लाकूड एका छपराखाली नांदत नाहीत.

ढाळज (दाराजवळची बसायची ओसरी) पाडू नका, एवढी विनंती. मोठी खोली मिळावी म्हणून ती पहिल्यांदा पाडतात. महिनाभर राहणाऱ्याला सकाळी टेबल-खुर्ची टाकून बसायला तीच जागा लागते, आणि गावातल्या माणसाशी त्याचं बोलणंही तिथंच होतं.

भीमाकाठ

माळवददादा, आभार. ढाळजेचं ध्यानात ठेवतो. आता खरी अडचण कागदांची आहे. जी तीन घरं चांगली आहेत त्यांच्या ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर अजून आजोबांची नावं आहेत आणि वारस चार गावांत. दुसरं म्हणजे नळाला चार दिवसांनी पाणी येतं. यावर कुणी सांगेल का?

दस्तनोंदणी

या क्रमानं करा. ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीच्या, म्हणजे नमुना ८ च्या, उताऱ्यावर वारसांची नावं लावून घ्या. गावठाणाची स्वामित्व योजनेखाली ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढा, त्यावरची नावं आणि हद्द तपासा. मग सगळ्या वारसांची सही असलेला करार. "बाकीच्यांना विचारलंय, हरकत नाही" या तोंडी शब्दावर एक पैसाही खर्च करू नका. घर पडीक असतं तोवर कुणी बोलत नाही. दुरुस्ती होऊन भाडं सुरू झालं की वाटा मागायला पुण्याहून चुलतभाऊ येतो, आणि कायद्यानं तो बरोबर असतो. जो वारस येऊ शकत नाही त्याच्याकडून नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र घ्या.

मालकांकडून घर घेताना लिव्ह अँड लायसन्स करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. मुद्रांक शुल्क एकूण मोबदल्याच्या ०.२५ टक्के, ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून कसा वळता करायचा, मुदतीआधी घर परत मागितलं तर उरलेला खर्च कोण देणार, आणि घरमालक सणाला आठ दिवस येणार असेल तर तो कुठं राहील, ही तीन वाक्यं करारात आलीच पाहिजेत. तिसरं वाक्य लोक विसरतात आणि पहिलं भांडण दिवाळीत होतं.

पाहुण्याच्या बाजूचं बघू. थोड्या दिवसांसाठी आलेला पाहुणा नोंदवहीत घ्या, ओळखपत्राची प्रत ठेवा. एक महिना किंवा जास्त राहणार असेल तर त्याच्याशीही लिव्ह अँड लायसन्स करा आणि नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी मालकाची जबाबदारी आहे. "अकरा महिन्यांच्या आत आहे, नोटरी पुरे" हा गैरसमज आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर राहणाऱ्यानं सांगितलेल्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. नोंदणी असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं आणि ज्यादा दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणीच्या पोर्टलवर भरायची. शेजाऱ्याचा अमेरिकेतला भाचा पैसे देऊन राहिला तरी, पासपोर्ट परदेशी असेल तर हे लागू.

व्यवसायाच्या नोंदीसाठी गावठाणातल्या घराला पर्यटन संचालनालयाची निवास व न्याहारी योजना बघा. शेतात खोल्या बांधणार असाल तर २०२० चं कृषी पर्यटन धोरण, त्यात किमान एक एकर शेती लागते आणि जास्तीत जास्त आठ खोल्या चालतात. दोन्हींसाठी आपल्याला पुण्याचं प्रादेशिक कार्यालय. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. बुकिंग अ‍ॅपवरून खोली गेली तर त्या बुकिंगवरचा कर अ‍ॅपवालाच भरतो. वीज मीटरचा दर कोणता लागणार ते महावितरणकडून लेखी घ्या. घरगुती मीटरवर धंदा सापडला की मागची वसुली निघते. स्वयंपाकालाही घरचा १४.२ किलोचा सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्या.

टाकीमीटर

पाणी. चार खोल्या, सहा माणसं, डोकी १३५ लिटर म्हणजे ८१०. धुणं-भांडी धरून हजार लिटर रोज. चार दिवसांनी पाणी येत असेल तर चार हजार आणि एक दिवसाची राखीव मिळून पाच हजार लिटरची टाकी. ती माळवदावर चढवू नका, पाच हजार लिटर म्हणजे पाच टन. परसात विटांच्या चौथऱ्यावर ठेवा.

गावाला टँकर लागत असताना पाहुण्यांच्या न्हाणीत शॉवर चालू असेल तर हा प्रकल्प एका उन्हाळ्यात बुडेल, आणि बुडालाच पाहिजे. म्हणून घरावर पडणारं पाणी साठवा. आपल्याकडं वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. १०० चौरस मीटरच्या पत्र्यावरून, वीस टक्के वाया गेलं तरी, ४४,००० लिटर मिळतं. माळवदाचं पाणी गढूळ येतं, ते झाडांना आणि संडासाला. न्हाणी आणि वाटेवरच्या पत्र्याचं पाणी गाळून वापरायला. प्रत्येक घराला वेगळा पाणी मीटर बसवा आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर आठवड्याला लिहा. पाहुणे किती वापरतात हे उघड असलं की कुजबुज होत नाही.

बोअरचं पाणी जड आहे. साध्या गीझरची कॉइल क्षार धरून लवकर जाते. सौर बंब घ्यायचा तर काचेच्या नळ्यांचा घ्या, तांब्याच्या बारीक नळ्या क्षारानं तुंबतात. काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही. माती ओली झाली की फुगते आणि पाणी जिरणं थांबतं, दुसऱ्या महिन्यात अंगणात वास. मुरूम लागेपर्यंत खणा, नाहीतर दोन कप्प्यांच्या सेप्टिक टाकीचं पाणी खडीच्या वाफ्यात सोडून त्यात कर्दळ लावा.

लॅपटॉपवर काम करणारे लोक हवे असतील तर घर गावठाण फीडरवर (गावातल्या घरांच्या वीजवाहिनीवर) आहे का, हे पहिलं विचारा. शेतातलं घर शेती फीडरवर असतं, तिथं वीज ठरावीक तासच आणि तीही कधी रात्रीची. १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीवर दोन लॅपटॉप, राउटर, दोन कमी विजेचे पंखे आणि दिवे मिळून दोनशे वॉट धरले तर पाच-सहा तास निघतात. इंटरनेटचा वेग सकाळी दहा, दुपारी तीन आणि रात्री नऊला, सलग सात दिवस मोजून लिहा, विशेषतः अपलोड. पाहुण्याला तो कागद पाठवा. "नेट चांगलं आहे" या वाक्यावर आलेला माणूस तिसऱ्या दिवशी निघून जातो.

ताटवाटी

डब्याचं थोडक्यात. बचत गटाच्या बायकांना पहिल्या आठवड्यात पाहुण्याला मेजवानी द्यायची असते. चौथ्या दिवशी त्याचं पोट बिघडतं. दहा दिवसांचं फिरतं ताट ठरवा: ज्वारीची भाकरी, एक उसळ किंवा पालेभाजी, वरण किंवा आमटी, ताक. शेंगा चटणी आणि कडक भाकरी बाजूला भरपूर, हवी तेवढी घेऊ द्या. तिखट वेगळं. खोलीत एक शेगडी आणि चार भांडी ठेवाच, महिनाभर दुसऱ्याच्या हातचं कुणी खात नाही. शेंगदाणे आणि ज्वारी गावातूनच घ्यायची असं गटाच्या ठरावात लिहून ठेवा. वरचा ११,००० चा हिशेब यावरच उभा आहे. अन्न नोंदणी गटाच्या नावानं काढा. मांसाहार, दारू, रात्री उशिरा येणं, एकटी बाई किंवा लग्न न झालेलं जोडपं, याबद्दल गावाची जी काही भूमिका असेल ती पैसे घेण्याआधी लेखी कळवा. आणि जात किंवा धर्म विचारून खोली नाकारायची असेल तर हे काम हातीच घेऊ नका.

हिशेबवही

येणार कोण, हे राहिलं होतं. पहिले पाहुणे तुमच्या ओळखीतलेच असतील: पुण्यात नोकरी करणारे, घरून काम चालणारे, आई-वडील सोलापूर-विजापूर पट्ट्यात असलेले. त्यांना म्हाताऱ्यांजवळ राहायचं असतं, पण एका खोलीच्या घरात मीटिंग घेता येत नाही. दुसरे अभ्यासाला येणारे, शिलालेख, देवळं, मराठी-कानडी सीमेवरची बोली, चादरीचं विणकाम यांच्या मागं असलेले. तिसरे पक्षी-प्राणी बघणारे. त्यांना नान्नजच्या अभयारण्यात काळवीट, लांडगा, धाविक पक्षी दिसतील आणि हिवाळ्यात उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी. पत्रकात माळढोकचा फोटो मात्र छापू नका. तो आता नान्नजला जवळजवळ दिसत नाही, आणि खोट्या आशेवर आलेला माणूस पुन्हा येत नाही. बार्शीकडचं कुणी वाचत असेल तर तुमचा पाहुणा वेगळा आहे, कारण बार्शीत कॅन्सरचं रुग्णालय आहे. कॅन्सरच्या रेडिएशनचा कोर्स पाच-सहा आठवडे चालतो, रुग्णाच्या नातेवाइकाला तेवढ्या दिवसांची स्वस्त, स्वच्छ खोली आणि पथ्याचं जेवण लागतं.

जपानच्या तोकुशिमा प्रांतात कामियामा नावाचं पाचेक हजार वस्तीचं डोंगरी गाव आहे. तिथं १९९९ पासून कलाकारांना मुक्कामाला बोलवायला लागले, आणि प्रांतात फायबर आधीच पोचलेलं असल्यामुळं २०१० पासून कंपन्यांनी जुन्या घरांत छोटी कार्यालयं थाटली. त्यांनी एक गोष्ट आपल्या उपयोगाची केली. रिकामं घर जो मागेल त्याला दिलं नाही. गावाला बेकरीवाला हवा, तर हे घर बेकरी चालवणाऱ्यालाच, असं आधी ठरवून माणूस शोधला. तुमच्या तीन घरांपैकी एक असं बाजूला ठेवा. गावात काय नाही ते ग्रामसभेत विचारा: मोटार रिवाइंडिंगवाला, दातांचा डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस, मुलांना गणित-इंग्रजी शिकवणारं कुणी. तशा माणसाला ते घर तीन महिने नाममात्र भाड्यानं द्या. जमलं तर वर्षाचा करार. पाहुण्यांतून रहिवासी मिळायचा असेल तर याच घरातून मिळेल.

सुरुवात दोनच घरांनी करा. आधी वारसांच्या सह्यांचा करार, मग मे महिन्यात माळवद आणि टाकी, पावसाळ्यात गळतंय का ते बघणं आणि बाकीचे कागद पुरे करणं. सप्टेंबरात गावचीच पुण्याची दोन पोरं आठवडाभर पूर्ण भाडं देऊन राहू देत. काय बंद पडलं ते त्यांनी रोज लिहायचं. ती यादी संपेपर्यंत बाहेरच्या कुणालाही तारीख देऊ नका.